बाईकला मोठी टाकी बसवायची आहे? मी बसवली आणि परत काढली, ते आधी वाचा

बाईकवर लांब फिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एकदा तरी हा विचार येतोच: "टाकी थोडी मोठी असती तर?" रील्समध्ये तर रोज कुणी ना कुणी आपल्या गाडीला वीस-बावीस लिटरची टाकी बसवून लडाखला निघालेला दिसतो. मलाही हाच किडा चावला होता. मी टाकी बसवली, तीन आठवडे वापरली आणि परत काढून ठेवली. साडेअकरा हजार रुपये गेले, पण शिकायला बरंच मिळालं. तेच आज सोप्या भाषेत सांगतो.

सुरुवात कुठून झाली

मी लालबागला राहतो, गाव मालवणकडे. मागच्या गणपतीत ट्रेनचं तिकीट मिळालं नाही, म्हणून मी आणि मावसभाऊ बाईकनेच निघालो. गाडी २०० सीसीची, इंजेक्शनवाली, टाकी १३ लिटरची. ॲव्हरेज साधारण ३५. आदल्या रात्री टाकी फुल केली आणि दुपारी निघालो. लालबाग ते मालवण साधारण पाचशे किलोमीटर.

लांज्याच्या पुढे अंधारात रिझर्व्हचा दिवा लुकलुकायला लागला. पहिला पंप बंद. दुसऱ्यावर चाकरमान्यांच्या गाड्यांची ही मोठी रांग. पेट्रोल मिळालं, पण तो अर्धा तास छातीत धडधडत होतं. पाऊस, मागे सामान, भाऊ पेंगतोय आणि डोळ्यासमोर तो पिवळा दिवा. मुंबईला परत आल्यावर मी ठरवलं, टाकी मोठी करायची.

आमच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने एका फॅब्रिकेटरकडून पत्र्याची १९ लिटरची टाकी बनवून आणली. त्याने मला हिशोब सांगितला: "एकोणीस गुणिले पस्तीस, सहाशे पासष्ट किलोमीटर. एका दमात मालवण, वर गावात फिरायला पण शिल्लक." मीही मान डोलावली. हिशोब कागदावर बरोबरच होता.

आधी समजून घेऊ: टाकी म्हणजे नुसता डबा नाही

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये टाकी बदलणं तुलनेने सोपं होतं. टाकीखाली एक कॉक असायचा: ऑन, ऑफ, रिझर्व्ह. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरायचं आणि कार्ब्युरेटरमध्ये जायचं. टाकी बदलली, पाईप जोडला, काम झालं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि जवळपास सगळ्या बाईक फ्युएल इंजेक्शनवर आल्या. आता टाकीच्या पोटात इतक्या गोष्टी असतात:

- फ्युएल पंप: हा इलेक्ट्रिक पंप टाकीच्या आतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो साधारण ३ बार दाबाने इंजेक्टरला पेट्रोल देतो. टायरमधली हवा साधारण २ बार असते, त्यावरून अंदाज करा. पंप थंड राहतो तोही आजूबाजूच्या पेट्रोलमुळे. म्हणूनच सतत रिझर्व्हवर गाडी चालवू नये असं सांगतात.
- फ्लोट: मीटरवर काटा किंवा डांड्या दाखवणारा तरंगता दांडा. तो त्या कंपनीच्या, त्या आकाराच्या टाकीसाठीच मोजून बसवलेला असतो.
- व्हेंट: पेट्रोल कमी होतं तशी आत हवा यायला हवी. नाहीतर आत पोकळी तयार होऊन पेट्रोल पुढे जायचं थांबतं आणि गाडी बंद पडते.
- वाफ पकडणारा डबा: बीएस-६ गाड्यांमध्ये टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या एका छोट्या डब्यात नेतात आणि नंतर इंजिनातच जाळतात. याला कॅनिस्टर म्हणतात.

याशिवाय टाकी आपल्या गुडघ्यांना पकड देते, हँडल वळायला जागा सोडते आणि इंजिनाच्या उष्णतेपासून पेट्रोल लांब ठेवते. म्हणजे टाकीचा आकार बदलला की या सगळ्या गोष्टी हलतात.

माझ्या टाकीत काय काय बिघडलं

१. सगळं पेट्रोल पंपापर्यंत पोचलंच नाही. बाईकची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी असते. मधून चॅसीचा पाईप जातो आणि टाकीचे दोन कप्पे डाव्या-उजव्या बाजूला खाली लटकतात. पंप एकाच जागी असतो. नवीन टाकीचे कप्पे आणखी खाली उतरवले होते, कारण लिटर तिथेच वाढवले होते. झालं काय, की पातळी मधल्या उंचवट्याच्या खाली गेली की पलीकडच्या कप्प्यातलं पेट्रोल तिथेच अडकायचं. गाडी बंद पडल्यावर मी टाकी काढून मोजलं, तीन लिटर शिल्लक! म्हणजे १९ चे १६ झाले. गाडी आडवी करून पेट्रोल पलीकडे ओतायचा जुगाड असतो, पण सामान लादलेली गाडी हायवेवर कोण आडवी करणार?

२. मीटर खोटं बोलायला लागला. अर्धी टाकी संपेपर्यंत तो 'फुल' दाखवायचा आणि नंतर धाडकन खाली. ज्या दिव्याला मी घाबरलो होतो, त्याच्यावरही आता भरवसा राहिला नाही.

३. हँडल टाकीला लागायला लागलं. लालबाग-परळच्या गल्ल्या तुम्हाला माहीत आहेत. समोर टेम्पो, बाजूला मंडपाचे बांबू, मध्ये आपण. पूर्ण हँडल वळवून यू-टर्न मारताना माझी बोटं क्लच आणि टाकीच्या मध्ये चेमटली आणि गाडी हळूच आडवी झाली. मला लागलं नाही. पण हायवेवर तेच झालं असतं तर?

४. वजन वाढलं, तेही वर. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो. सहा लिटर जास्त म्हणजे साडेचार किलो. ऐकायला कमी वाटतं, पण हे वजन गाडीत उंचावर आणि हलणारं आहे. टाकी अर्धी असताना ब्रेक मारला की पेट्रोल पुढे धावतं, वळणात बाजूला धावतं. मोठ्या टाकीत हे थांबवायला आत आडव्या पट्ट्या लावाव्या लागतात. माझ्या टाकीत त्या नव्हत्या.

५. आणि वास. ही सगळ्यात गंभीर गोष्ट, म्हणून हिला वेगळी जागा देतो.

चाळीतला जिना आणि पेट्रोलची वाफ

आमच्या चाळीत पार्किंग नाही. बाईक जिन्याखाली लागतात. जिना लाकडी आणि त्याच जिन्याखाली भिंतीवर सगळ्या खोल्यांचे इलेक्ट्रिक मीटर. मुंबईतल्या जुन्या चाळींत राहणाऱ्यांना हे चित्र नवीन नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तळमजल्यावरच्या काकींनी दार वाजवलं. "अरे, तुझ्या गाडीचा वास येतोय बघ. कालपासून डोकं चढलंय माझं." खाली जाऊन बघितलं तर टाकीच्या वेल्डिंगच्या जोडावर ओलसर रेघ होती. थेंब पडत नव्हता, फक्त ओल. आणि कॅनिस्टरकडे जाणारा पाईप गॅरेजवाल्याने जोडलाच नव्हता, तो तसाच उघडा लटकत होता. "त्याची काही गरज नसते," असं तो म्हणाला होता.

आता यातला धोका समजून घ्या. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे मुंबईच्या हवेत ते कायमच वाफ सोडत असतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे वर उडून जात नाही. ती जमिनीलगत, जिन्याखाली, कोपऱ्यात साचते. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मध्ये असलं की एक ठिणगी पुरे. मीटरच्या बॉक्समधला एक सैल स्क्रू, कुणाची बिडी, कुणी लावलेली मच्छर अगरबत्ती. आणि आमच्याकडे वर जायला आणि खाली यायला तो एकच जिना आहे.

त्या रात्री मी आणि भावाने गाडी ढकलत रस्त्यावर नेली. स्टार्ट केली नाही, जिन्याखालचा दिवाही चालू-बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेत टाकी रिकामी केली आणि जुनी परत बसवली. वीस बिऱ्हाडं झोपलेली असताना माझ्या साडेसहाशे किलोमीटरच्या हौसेची किंमत काय होती, हे मला काकींच्या दार वाजवण्याने कळलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा: गळकी टाकी "जरा वेल्डिंग मारून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. व्यवस्थित धुवून, वाफ पूर्ण काढल्याशिवाय तिच्याजवळ ज्योत नेणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

इथेनॉलचा नवा प्रश्न

आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजेच ई-२०. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर पसरलं. टाकीच्या बाबतीत याचे तीन परिणाम होतात.

एक, इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळी मुंबईत अर्धी टाकी ठेवून गाडी महिनाभर उभी केली तर साध्या पत्र्याच्या टाकीला आतून गंज लागू शकतो. दोन, फायबरच्या जुन्या टाक्या आणि काही जुनी आतली कोटिंग इथेनॉलने मऊ पडतात. तो चिकट भाग फिल्टर आणि इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला छान दिसणारी जुनी टाकी मिळाली तरी आतलं कोटिंग काय आहे, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. तीन, ॲव्हरेज थोडं घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० साठी न बनवलेल्या दुचाकींमध्ये ३ ते ४ टक्के घट होईल असा अंदाज दिला होता.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती आणि कंपनीने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-ए आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता कुणी म्हणेल, "आरसीवर टाकीचे लिटर कुठे लिहिलेले असतात?" बरोबर, नसतात. एम-परिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये स्वतःची आरसी उघडून बघा. पण तिथे रंग असतो आणि गाडीचं रिकामं वजनही असतं, आणि टाकी बदलली की हे दोन्ही बदलू शकतं. शिवाय गाडीला विक्रीची मंजुरी मिळते तेव्हा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तिची चाचणी झालेली असते. त्यात टाकीतून किती वाफ बाहेर पडते हेही मोजतात. गॅरेजमध्ये बनवलेल्या टाकीची अशी कुठलीच चाचणी झालेली नसते. म्हणून बदल करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. गिरगाव, दादर, परळवाल्यांसाठी ते ताडदेवला आहे.

विम्याचंही तेच. कंपनीला न कळवता बदल केला आणि उद्या गाडीला आग लागली, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. आजूबाजूच्या चार गाड्या जळाल्या तर तो हिशोब वेगळाच.

खरंच मोठी टाकी लागते का?

आता थंड डोक्याने आकडे बघू. कंपनीच्या काही गाड्यांच्या टाक्या अशा आहेत:

- हिरो स्प्लेंडर प्लस: ९.८ लिटर
- हिरो एक्सपल्स २०० ४व्ही: १३ लिटर
- रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०: १३ लिटर
- बजाज पल्सर १५०: १५ लिटर
- रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०: १७ लिटर

स्प्लेंडरचं ॲव्हरेज ६० धरलं तर एका टाकीत ५८८ किलोमीटर. हिमालयनचं ३० धरलं तर ५१०. म्हणजे जवळपास निम्म्या टाकीची गाडी पुढे जाते! लिटर बघू नका, लिटर आणि ॲव्हरेजचा गुणाकार बघा. बजाजने जुलै २०२४ मध्ये आणलेल्या फ्रीडम १२५ मध्ये तर पेट्रोलची टाकी फक्त २ लिटरची आहे, कारण सोबत २ किलो सीएनजीचा सिलिंडर आहे. दोन्ही मिळून ३३० किलोमीटर, असा कंपनीचा दावा आहे.

मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपाची पाटी बायकर्समध्ये प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. माझ्या जुन्या १३ लिटरच्या टाकीचा कागदी पल्ला ४५५ किलोमीटर होता. चढावर आणि सामानासह ॲव्हरेज पडेल, म्हणून तिथे जादा पेट्रोल लागेल हे मान्य. पण मुंबई-गोवा हायवेवर? तिथे मला टाकी कमी पडली नव्हती. निघताना मी हिशोबच केला नव्हता.

मग मी आता काय करतो

१. खरं ॲव्हरेज काढतो. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी परत फुल करताना जितके लिटर गेले त्याने किलोमीटरला भागा. असं चार-पाच वेळा करा. फ्युएलिओसारख्या ॲपमध्ये नोंद ठेवली तर आलेख आपोआप तयार होतो. एकटा असताना, मागे माणूस असताना आणि सामान असताना, असे तीन आकडे काढा.

२. शेवटचे अडीच लिटर धरतच नाही. माझा पल्ला १३ गुणिले ३५ नाही, साडेदहा गुणिले ३५, म्हणजे साधारण ३६५ किलोमीटर. मीटर काहीही दाखवो, ३०० ला मी पंप शोधायला लागतो.

३. पंप आधीच मॅपवर टाकतो. निघण्याआधी गूगल मॅप्समध्ये रस्त्यातले पंप शोधून तीन-चार सेव्ह करतो आणि तो भाग ऑफलाइन डाउनलोड करतो. घाटात नेटवर्क गेलं तरी चिंता नाही. गणपतीच्या दिवसांत मी चिपळूणच्या आसपास टाकी भरून घेतो, गरज असो वा नसो. अडीचशे किलोमीटरनंतर पाठीलाही विश्रांती हवीच असते.

४. टाकी काठोकाठ भरत नाही. एक लिटर पेट्रोल तापमान एक अंशाने वाढलं की साधारण एक मिलिलिटर फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल १३ लिटर भरलं आणि गाडी उन्हात २० अंशांनी तापली, तर पाव लिटर जागा जास्त लागते. ती जागा नसेल तर पेट्रोल व्हेंटमधून बाहेर येतं किंवा कॅनिस्टरमध्ये शिरून तो खराब करतं.

५. बाटली नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल घेऊन फिरू नका. पेट्रोलियम कायद्यात पेट्रोल ठेवायला काच, चिनीमाती किंवा धातूची घट्ट झाकणाची भांडी सांगितली आहेत, धातूचं भांडं २५ लिटरपर्यंत. खरंच दुर्गम भागात जाणार असाल तर चांगला धातूचा कॅन घ्या, मागच्या रॅकला घट्ट बांधा, आणि तो घरात किंवा जिन्याखाली अजिबात ठेवू नका.

तरीही बसवायचीच असेल तर

परदेशात इटलीच्या असेरबिससारख्या कंपन्या ठराविक मॉडेलसाठी मोजून मोठ्या टाक्या बनवतात. आपल्याकडे घेताना कुणाकडूनही घ्या, हे प्रश्न विचारा:

- ही टाकी माझ्याच मॉडेलसाठी बनवली आहे का?
- किती लिटर भरतं, आणि त्यातलं किती खरंच पंपापर्यंत पोचतं?
- आत आडव्या पट्ट्या आहेत का? कोटिंग ई-२० ला चालणारं आहे का?
- व्हेंट आणि कॅनिस्टरचा पाईप पूर्वीसारखाच जोडला जाईल का?
- पंपाची रबर सील नवीन मिळेल का?
- हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळल्यावर बोटाएवढी जागा उरते का?
- पेट्रोल भरण्याआधी हलक्या हवेच्या दाबाने, साबणाचं पाणी लावून जोड तपासले का?

यातल्या एकाही प्रश्नाला "त्याची काही गरज नसते" असं उत्तर आलं, तर तिथून निघा. आणि टाकी बसवलीत तरी पहिला आठवडा गाडी उघड्यावर लावा, रोज सकाळी जोडांवरून कोरडा पांढरा कागद फिरवून बघा.

माझी १९ लिटरची टाकी आता माळ्यावर आहे, कोरडी, झाकण उघडं ठेवून. यंदाही गणपतीला बाईकनेच जाणार आहे, त्याच जुन्या १३ लिटरच्या टाकीवर. चिपळूणला चहा, तिथेच पेट्रोल. आणि रात्री गाडी जिन्याखाली लावली की एकदा वाकून वास घेऊन बघायची सवय लागली आहे. तुमचीही गाडी चाळीत, सोसायटीच्या जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीजवळ लागत असेल, तर आज रात्री तेवढं करून बघा.